शेटे सरांचा ‘हाय का?’

मी कुणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात सगळ्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुका राहतील, त्या पोटात घालाव्यात. पण शेटे सरांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

वडवणीत सरांचा, त्यांच्या वडिलांच्या कापड दुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, एक बॅटरी. समोर कुणी नसताना चालू असलेलं मशीन सरांना बघवत नसे. “मानूस न्हाई अन् मशीन चालू, कावून बे?” असं ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारत. पोरं मशीन तसंच सोडून आठवडी बाजारात जात, लाइट जाई आणि बॅटरी रिकाम्या खुर्च्यांसमोर संपून जाई.

शेवटी सरांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडद्यावर HAY KA? अशी अक्षरं येत. मिनिटभरात एखादं बटण दाबलं नाही, तर कॉम्प्युटर आपोआप बंद.

सरांनी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी मी गैरहजर होतो. त्यात माझी सवय अशी, की एकेक ओळ वहीत दोनदा तपासल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकदा असाच तपासत असताना ती अक्षरं आली. इंग्रजी असणार म्हणून मी खिशातला शब्दकोश काढला. HAY म्हणजे वाळलेलं गवत. मेंढरंवाल्याच्या पोराची कुणीतरी थट्टा केली असं समजून मी मान खाली घालून बसलो. मशीन बंद पडलं. दोन तासांचं काम गेलं.

“बटण कावून न्हाई दाबलं?” सरांनी विचारलं.

“सर, ते गवताचं विचारत होतं.”

अर्थ लक्षात आल्यावर सर पोट धरून हसले. “आरं, कुनाच्या दारात गेल्यावर काय म्हनतोस? हाय का घरात? तेच इचारतंय ते!” मग माझ्या वहीकडे बघून म्हणाले, “पन तू तर समोरच व्हतास. बसून इचार करनारा रिकामा नसतो. चूक माजी हाय.” त्याच आठवड्यात त्यांनी प्रोग्राम बदलला. बंद होण्याआधी तो काम जपून ठेवू लागला.

सरांच्या वडिलांना, अप्पांना, यातलं काही पटत नव्हतं. “डबे इझवायला शिकलास, गिऱ्हाईक बघायला कवा शिकनार?” दिवाळीच्या पाडव्यापर्यंत या विद्येवर कुठं काम मिळालं तर ठीक, नाहीतर क्लास मोडून दुकानात बसायचं, असं ठरलं. सरांनी तसा शब्द दिला.

मी पुण्याला शिकायला निघालो तेव्हा सरांनी तो प्रोग्राम घातलेली फ्लॉपी आणि एका कंपनीचा पत्ता दिला. “टपालानं धाडली तर कोपऱ्यात पडंल. तू हातात दे, चालवून दाखव. पाडव्याच्या आत, बरं का.”

मी चार वेळा त्या कंपनीच्या फाटकापर्यंत गेलो. वॉचमन विचारायचा, “कुणाकडे?” पाठ केलेलं इंग्रजी वाक्य तोंडातच राहायचं आणि मी परत फिरायचो. दिवाळीला गावीही गेलो नाही. पाचव्या वेळी आत गेलो, तोवर पाडवा होऊन चार दिवस झाले होते. तिथल्या बाई मराठीच बोलल्या. त्यांनी फ्लॉपी चालवून पाहिली, दोनदा पाहिली, आणि म्हणाल्या, “यांना भेटायला पाठवा.”

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. आठ दिवसांनी सरांचं उत्तर आलं. चारही मशीनं पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी विकली होती. अप्पांना दिलेला शब्द आता मोडवत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. बाईंना नमस्कार सांगायला कळवलं होतं. तू आत गेलास हे लई झालं, असंही होतं.

उशीर का झाला, ते मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.