दिनूदादाचा निकाल

दिनूदादा माणसं ठोकून पाहायचा. बोटाचं पेर टेबलावर, गिटारवर, प्रसंगी समोरच्याच्या छातीवर आपटायचं, कान तिरपा करायचा आणि निकाल द्यायचा: ‘ठीक’ किंवा ‘सिक’. झाशीला रेल्वेत त्याची सगळी नोकरी हातोडीनं गाड्यांची चाकं ठोकून तडे ओळखण्यात गेली. बिघडलेल्या डब्यावर खडूनं ‘सिक’ लिहून तो गाडीतून काढतात. दादानं तोच कायदा माणसांना लावला.

आमच्या ‘ब्रेकव्हॅन’ या रॉक बँडचा तो मालकच म्हणा ना. लीड गिटार त्याची, बेस माझा, आवाज शरदचा. झाशीजवळच्या मऊरानीपुरात एकदा लोकांनी शरदला खांद्यावर उचलून नाचवलं. परतीच्या बसमध्ये दादा म्हणाला, ‘‘तीसरे गाने में सुर गिरा था, भैया. नाचा आता.’’ उत्तर ऐकायला तो कधी थांबत नसे. बोलायचा आणि तोंड फिरवायचा. माझ्या बेसला तर चाळीस वर्षांत त्यानं एकदाही ‘ठीक’ म्हटलं नाही. आणि मी मूर्ख, त्याचीच वाट पाहत राहिलो.

आम्ही सगळे रिटायर झाल्यावर दादाच्या पुण्याच्या भाच्यानं जुन्या कॅसेट ऐकल्या आणि हट्टच धरला: नवा अल्बम काढायचा, तोही खऱ्या काळ्या रेकॉर्डवर. शरद तेव्हा घशाच्या आजारातून उठला होता. तो मला म्हणाला, ‘‘एवढ्या एका रेकॉर्डवर आवाज राहू दे, मग गेलो तरी चालेल.’’

आठ दिवस तो गायला. आवाज खरबरीत झाला होता, पण अंगावर काटा आणणारा. दादा स्पीकरवर तळहात टेकवून बसून असायचा. शरद बाहेर गेला की मला म्हणायचा, ‘‘सिक है. चाक फुटलंय.’’  मी तोंड उघडलं असतं, तर माझाही डबा निघाला असता.

प्रकाशन रेल्वेच्या हॉलमध्ये झालं. शरदनं बायकोला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सुई टेकली आणि भाच्याच्या एका मित्राचा गुळगुळीत आवाज आला. शरदचे ओठ मात्र सवयीनं हलत राहिले, अख्खं कडवंभर. दादा माइकवर म्हणाला, ‘‘फुटलेला डबा गाडीत ठेवत नसतात.’’ काही जण हसलेसुद्धा. त्या वर्षी गणपतीत शरदनं आरतीलाही तोंड उघडलं नाही. पुढच्या गणपतीला तो नव्हता.

नंतर दादानं पडून खुबा मोडून घेतला. त्यानं बोलावलं म्हणून गेलो; आज शरदचं नाव काढायचंच, असं ठरवूनच गेलो होतो. ‘‘रेकॉर्ड लाव,’’ तो म्हणाला. मी ती प्लेअरच्या पेटीवर चढवली. ती फिरू लागली.

‘‘दादा, शरद चांगला गायला होता,’’ मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो. शेजारच्या खोलीतून वहिनी धावत आल्या. दादा मात्र डोळे मिटून, पेटीवर तळहात ठेवून, डुलत होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या कानांनी शरदला ‘सिक’ ठरवलं होतं.

दादानं डोळे उघडले, पेटीवर पेर ठोकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. ‘‘तुझा बेस ठीक आलाय रे.’’

सुई मी अजून खाली ठेवलीच नव्हती.