कौसाचं जाभाड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या फजितीचे किस्से नातवंडांना तोंडपाठ आहेत — हा मात्र नाही.

नांदेडहून लग्न होऊन जळकोटजवळच्या खेड्यात आले, तेव्हा मी सातवी पास. केवढा तोरा! घरातल्या बायकांचे शब्द सुधारत फिरायचे, जणू त्याचा पगारच मिळत होता. माझी धाकटी जाऊ कौसा जबड्याला 'जाभाड' म्हणायची. आता, जाभाड असतं बैलाला. नाहीतर भांडणात 'जाभाड फोडीन' म्हणताना, समोरच्याला. स्वतःच्या तोंडाला कुणी तसं म्हणतं का?

ती म्हणायची. मला अजून काय हवं होतं?

ज्वारीच्या काढणीत तिच्या तळपायात कापलेल्या ताटाचं धसकट घुसलं. हळद भरली, चिंधी बांधली, जखम सुकायला लागली. आठवड्यानं ती चुलीपाशी आली, हळूच म्हणाली, "अक्का, माझं जाभाड धरून राहिलंय. भाकर चावाया येईना."

मी काय केलं असेल? हंबरले. खरंच — बैलासारखी! "कडबा टाकू का गं कौसे?"

सगळ्या हसल्या, सासूबाईसुद्धा. कौसाही हसायला गेली, पण तिचे ओठ नुसते ताणले गेले. ते मी पाहिलं. त्यानंतर तिनं तोंडाचं नाव काढलं नाही. दोन दिवस ताकात भाकर कुस्करून गिळत होती — तेही पाहिलं.

शाळेच्या पुस्तकात धनुर्वात होता. आधी जखम, मग जबडा धरतो. आठवलं नाही, असं म्हणू? आठवलं होतं. पण मग सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, की हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं...

तिसऱ्या दिवशी तिची पाठ कमानीसारखी ताठली. उदगीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "जबडा कधीपासून धरलाय?"

"वहिनीलाच ठाव," दीर म्हणाले, कौसाचा नवरा. सगळे माझ्याकडे वळले.

"आज सकाळपासनं," मी म्हणाले.

चार दिवसांनी ती गेली. तिनं दुखणं लपवलं, असं दीर अजून धरून बसलेत. चुलीपाशी हसलेल्या बायकांना ती नुसती थट्टा म्हणून आठवते. ती मरताना मी तिच्यावर रागावलो होतो, म्हणतात. मी ऐकून घेते.

त्या रोगात माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असतं — हे नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं. मी डॉक्टरांशी बोलले तेव्हा कौसा दोन हातांच्या अंतरावर, खाटेवर होती. डोळे उघडे. तिनं ऐकलं.