फ्लेक्समागची मिरची

बुटीबोरीतल्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे वाळवण्याची यंत्रं बनतात. मे महिन्यात जिथे माणूससुद्धा आपोआप वाळतो, त्या नागपुरात ही यंत्रं घेतं कोण, असं मला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारलं जातं. औषधांची भुकटी, डाळ, कापड, फरशा, सगळ्यांना वाळावं लागतं आणि उन्हाच्या मर्जीवर थांबणं कुणालाच परवडत नाही, एवढं सांगून मी मठ्ठा मागतो.

तत्त्व सोपं आहे. गरम हवा ट्रेंमधून फिरते, मालातलं पाणी उचलते आणि बाहेर पडते. उष्णतेचं महत्त्व सगळ्यांना कळतं. ओली हवा बाहेर जायला हवी, हे मात्र विसरलं जातं. ती कोंडली की माल वाळत नाही, उकडतो.

उमरेडकडच्या एका गावात बचतगटासाठी आम्ही मिरचीचं यंत्र बसवलं, तेव्हा उद्घाटन ठरलं. गटातल्या बायकांना यंत्रावर भरवसा नव्हता. आदल्या वर्षी अवकाळी पावसात अंगणातली मिरची काळी पडली होती, तरीही. शेवटी गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींनी आपल्या शेतातला पहिला तोडा, सगळाच्या सगळा, आत घातला. तो बिघडला असता तर यंत्रावर पुढे गोवऱ्याच वाळल्या असत्या. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी ते सुरू करून दिलं.

सकाळी दहाला पोचलो तर दाराच्या काचेवर दव जमलेलं. हीटर पाहिला, पंखा पाहिला. सगळं ठीक. आतून आंबूस वास येऊ लागला होता.

‘‘काहून गा भाऊ,’’ मावशींनी विचारलं, ‘‘मिरचीले घाम सुटला काय?’’

मी शेडच्या मागे धावलो. ओली हवा ज्या झरोक्यातून बाहेर पडते, तो मैदानाकडच्या भिंतीत होता. त्याच भिंतीला टेकून मंडप घातलेला, आणि भिंतभर फ्लेक्स. प्रमुख पाहुणे हात जोडून हसत होते. झरोका नेमका त्यांच्या पोटाशी आला होता आणि त्या जागी फ्लेक्स फुगला होता. कडा गावकऱ्यांनी खिळे मारून पक्क्या केल्या होत्या. वाऱ्याने चेहऱ्याला सुरकुती पडू नये म्हणून.

‘‘हा काढा,’’ मी संयोजकाला म्हणालो.

‘‘साहेब येऊन राहिले ना! त्यायचाच फोटो काढला तं माही चामडी काढतीन.’’

‘‘दोन तासापासून येऊनच राहिले साहेब,’’ माझ्यामागून आलेल्या मावशी म्हणाल्या. ‘‘कुठून येते, बैलगाडीनं?’’

‘‘मावशी, थोडा दम धरा ना.’’

‘‘मी धरतो गा. मिरची कशी धरन?’’

त्यांनी कमरेला खोचलेला विळा काढला आणि पाहुण्यांच्या पोटावर सरळ उभा घाव घातला. कोंडलेली वाफ मिरचीचा ठसका घेऊन मंडपात शिरली. पहिली रांग शिंकू लागली, मग दुसरी. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. त्यांनी माइक हातात घेतला, ‘‘माता-भगिनींनो’’ म्हटलं, तीनदा खोकले आणि फीत कापून गाडीत बसले. यंत्राच्या उद्घाटनाचं इतकं नेमकं भाषण मी आजवर ऐकलेलं नाही.

दार उघडेपर्यंत दुपारचे चार वाजले. बायका दाराशी दाटीनं उभ्या होत्या. मी ट्रे ओढला. खालच्या काही मिरच्या डागाळल्या होत्या. बाकीचा सगळा माल लाल होता, लग्नातल्या शालूसारखा. मी काही सांगायच्या आत मावशींनी एक मिरची उचलून कानाशी हलवली. आत बिया खुळखुळल्या. दुसरी हलवली. तिसरी शेजारणीच्या कानाशी नेली.

‘‘आइक वं,’’ त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘‘मावशी, रडून राहिल्या काय?’’

‘‘ठसका हाये,’’ त्यांनी दडपून सांगितलं.

शेजारणीनं दुसऱ्या दिवशी आपली पोती आणायची वेळ विचारली. मी वेळ सांगितली आणि झरोक्यासमोर चार हात जागा मोकळी ठेवा म्हणून चुन्यानं रेघ मारून दिली.

नागपूरच्या एसटीत माझ्या कपड्यांच्या वासानं शेजारचा प्रवासी दोनदा शिंकला आणि उठून मागे गेला. मी दोन्ही सीटांवर पाय पसरले आणि नागपूरच्या वेशीवरचं दिघोरी येईपर्यंत गाढ झोपलो.