थर लावणारे निजामचाचा

कराडच्या आमच्या यार्डात विजेच्या लोखंडी खांबांना हात लावायचा तर आधी निजामचाचांना विचारायचं, हा शिरस्ता. बत्तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. नऊ मीटरचे खांब वेगळे, अकराचे वेगळे, वाकडे बाजूला; मग ट्रेलरवर लाकडी ओंडके टाकून थर लावायचा. खांब बुडाशी जाड, शेंड्याला बारीक. म्हणून एकाचं बूड पुढं, तर शेजारच्याचा शेंडा पुढं. "असं लावलं म्हंजी साखळी समदीकडं सारखी बसती, भाऊसो," ते मला सांगायचे. मी सुपरवायझर, शिकलेला, ऊसवाल्या घरातला. मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा उगीच घोळ घालतोय.

एका शुक्रवारी ते नमाजाला गेले. पाटणची गाडी खोळंबली होती, ड्रायव्हर केरबाची कटकट चाललेली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, लाव रं क्रेन! जन्मभर उसाच्या मोळ्या बांधल्या, त्यात सगळी बुडं एकीकडं. खांबही तसेच रचले, सगळी बुडं केबिनकडं. मला तर तो थर झकास दिसला. गाडीच्या कागदावर मात्र थर लावणारा म्हणून नेहमीसारखं निजामचाचांचं नाव.

उतारावर केरबानं ब्रेक मारला आणि खांब साखळीतून निसटून केबिनमध्ये घुसले. जीव वाचला, उजवा पाय गेला.

सोमवारी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "निजाम, हे काय करून ठेवलंस?" चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत राहिलो. आपली नोकरी जाईल, एवढंच डोक्यात. त्यांना त्याच दिवशी काढलं. एवढा जुना माणूस जेवणाचा डबा उचलून निघून गेला आणि मी, नालायक, पुढची गाडी भरायला लागलो.

कुंडलला त्यांच्या दारात जायला मला चार वर्षं लागली. त्यांच्या बायकोनं, मदिनाबींनी चहा ठेवला. मी रडत रडत सगळं कबूल केलं. म्हटलं, "चाचा, चला, आजच मालकांना खरं सांगतो."

"ते मी तवाच सांगितलं असतं की रं," चाचा म्हणाले. "मशिदीत शंभर माणसांनी मला बघितलं हुतं. तू आपणहून बोलशील म्हणून गप बसलो. त्या दिवशी स्टँडवर दोन एसट्या सोडल्या, तू येशील म्हणून."