दाराजवळच्या दोन रांगा

माझी थोरली जाऊ गेल्या हिवाळ्यात आठ आठवडे संध्याकाळी पाचनंतर कुठेच गेली नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा नाही. लोक म्हणाले, बाईला शिंगं फुटली. शिंगं नव्हती, तीनशे कुंड्या होत्या.

घरामागचं काचघर सासऱ्यांनी उभारलेलं. ते गेल्यावर जाऊबाईनं ते अंगावर घेतलं. थोरले दीर जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणार, त्यामुळे बाईला रागवायला आणि माया करायला झाडंच होती. थंडीत पाणी कधी घालायचं हे ती माती बघून ठरवत नसे, कुंडी उचलून बघे. हलकी लागली तर घोटभर कोमट पाणी, जड लागली तर चार दिवस काही नाही. "थंडीत झाडं तहानेनं मरत नाहीत, लाडानं मरतात," असं ती म्हणायची आणि म्हणताना माझ्याकडे बघायची. मी एकदा तिचं नेचं लाडानं मारलं होतं.

आधीचे दोन हिवाळे वाया गेले होते. एकदा शेगडी विझली आणि सगळं गारठलं, दुसऱ्यांदा गिऱ्हाईकच फिरलं. माझ्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे आणि टायर ठेवायला त्याला जागा पुरत नाही. त्यानं स्पष्ट सांगितलं, "वहिनी, हा शेवटचा हिवाळा. एका नव्या हॉटेलला उद्घाटनाला तीनशे लाल कुंड्या हव्यात म्हणताय ना? तीनशे गेल्या तर काचघर तुमचं. नाही गेल्या तर मी काचा उतरवणार."

जाऊबाई म्हणाली, "उतरव." एवढंच.

झाडं पॉइन्सेटियाची. त्यांची वरची पानं लाल होतात, पण फार हट्टीपणानं. रोज चौदा तास मिट्ट काळोख मिळाला तरच. मध्ये दोन मिनिटं दिवा लागला तरी झाडाला वाटतं रात्र झालीच नाही, आणि ते हिरवंच राहतं. म्हणून जाऊबाईनं काचघरातला बल्ब काढून स्वतःच्या कपाटात ठेवला होता. पाच वाजले की टेबलांवर जाड काळं कापड ओढायचं, सकाळी सातला काढायचं. दिवसासुद्धा ती कुणाला आत फिरकू देत नसे. सासूबाईंना तर मुळीच नाही, कारण त्या पानांना हात लावल्याशिवाय बोलूच शकत नाहीत.

सातव्या आठवड्यात मागची टेबलं पेटल्यासारखी लाल झाली. दाराजवळच्या टेबलावरच्या दोन रांगा मात्र हिरव्यागार. चाळीस कुंड्या. माती तीच, पाणी तेच, ऊब उलट दाराशी ठेवलेल्या, चहूकडून झाकलेल्या शेगडीमुळे जास्तच.

जाऊबाई स्वयंपाकघरात आली तेव्हा मी कणीक मळत होते. तिनं शांतपणे विचारलं, "संध्याकाळी काचघरात कोण जातं गं?"

"मला काय माहीत, ताई?"

"दिवा घेऊन जातं कोणीतरी. दारातच उभं राहतं." मग जरा थांबून, "तुमच्या टायरांना जागा हवी आहे ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं एका चुलीवर काढली आणि ही मला चोर ठरवते! मी कणीक आणखी जोरात मळली, नाहीतर तीच तिच्या तोंडावर मारली असती. पण खरं सांगायचं तर राग अर्धाच होता. उरलेली होती भीती. चोर मी नाही हे मला पक्कं माहीत होतं. मग घरात उरलं कोण? रोज आठच्या सुमारास नवरा "गाडी बघून येतो" म्हणून मागच्या दारानं बाहेर पडायचा, ते मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी लवकर खोलीत गेले आणि तिथून काचघरात. खताच्या पोत्यांमागे बसले. हाताची बोटं दिसत नव्हती. ओल्या मातीचा वास आणि शेगडीचा बारीक आवाज. आत आला तर काय बोलायचं हे मी मनात घोकत होते. तुम्हाला लाज नाही वाटत? वडिलांनी बांधलेलं आहे हे. सख्ख्या वहिनीच्या पोटावर पाय देता?

आठ वाजून गेले आणि कडी वाजली. दार किलकिलं झालं. काळ्या कापडाचं टोक उचललं गेलं आणि टॉर्चचा पिवळा झोत पानांवर पडला.

"झालात का रे बाळांनो लाल?" आवाज सासूबाईंचा होता. "व्हा रे लवकर. नाहीतर तो पाडेल सगळं. ह्यांच्या हातचं आहे." एकेका झाडावर उजेड धरून त्या वाकून बघत होत्या. उंबऱ्यापुढे पायरी आहे आणि त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून दोन रांगांपलीकडे त्यांचा उजेड जात नव्हता.

मी पोत्यांमागून उठले तशा त्या किंचाळल्याच. मी टॉर्च विझवला आणि काळोखातच त्यांना सांगितलं, "आई, तुम्ही बघता म्हणून ती लाल होत नाहीत."

त्या माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "तिला सांगू नकोस गं. मी परत येणार नाही. पण सांगू नकोस."

मी हो म्हटलं. म्हणजे चोर मीच राहिले. पुढचे नऊ दिवस जाऊबाई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवताना माझं ताट तेवढं वाढायचं विसरायची. सासूबाई मान खाली घालून जेवायच्या. मला रोज वाटायचं आज सांगून टाकावं, आणि रोज त्यांची ती खाली गेलेली मान दिसायची.

ठरलेल्या दिवशी हॉटेलचा माणूस टेम्पो घेऊन आला. दोनशे साठ कुंड्या चढल्या. चाळिसांच्या शेंड्याला जेमतेम लाली होती. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो निघून गेला. नवरा मोजायची टेप घेऊन काचघराच्या दारात उभा होता.

"तीनशे ठरल्या होत्या, वहिनी."

"हो," जाऊबाई म्हणाली. तिनं वाद घातला नाही, डोळे पुसले नाहीत. मला ते बघवेना. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"त्या चाळीस मी हिरव्या ठेवल्या. रोज टॉर्च लावून बघत होते. हिनं पकडलं मला, पोत्यांमागे लपून. मीच गप्प बसवलं हिला." मग मुलाकडे वळून, "पाडायचं तर पाड. पण ती हरली म्हणून नाही, मी चुकले म्हणून पाड."

नवऱ्यानं आईकडे बघितलं, मग दारातल्या चाळीस कुंड्यांकडे. टेप सर्रकन आत गेली. "राहू दे," तो म्हणाला. "टायर मी बाहेर कुठेतरी ठेवतो."

जाऊबाई माझ्याजवळ आली. "मला वाटलं तू," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. राग होता अजून, पण घेतलं.

सगळं मिटलं असं मला वाटलं. दुपारी नवरा जेवायला बसला. पहिला घास हातातच ठेवून त्यानं विचारलं, "डोकं दुखतं म्हणाली होतीस त्या दिवशी. काचघरात कुणाला पकडायला बसली होतीस?"

"चोराला."

"चोर कोण असेल असं वाटलं होतं तुला?"

मी आमटी ढवळायला लागले. ती ढवळायची काही गरज नव्हती.

"मी पाडणार म्हणालो होतो," तो म्हणाला. "ते तोंडावर म्हणालो होतो."

मग तो खाली मान घालून जेवला, आणि मी वाढत राहिले.