निळ्या गाडीची डावी बाजू

नाना गेल्याचा फोन जळगावला आमच्या छापखान्यात आला, तेव्हा मी एका पत्रकाची मुद्रितं तपासत बसले होते. फोन धुळ्याहून शेजारच्या काकांचा होता. "पोरी, नाना गेले," एवढंच ते म्हणाले. आणि मी विचारलं, "अजून कोण कोण?" काका गोंधळले. "अजून कोण म्हणजे? सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, ओट्यावरच गेले." मी पुन्हा विचारलं, "गाडी कुठे आहे?" "दारात उभी आहे. गाडीचं काय घेऊन बसलीस?" बाप गेल्याचं ऐकून जी मुलगी आधी ट्रकची चौकशी करते, तिच्याबद्दल काकांना काय वाटलं असेल ते मला समजतं. पण खोटं कशाला लिहू... गाडी दारात उभी आहे हे ऐकून माझा अडकलेला श्वास सुटला. रडू त्यानंतर आलं. आज पाच आठवडे झाले, तो श्वास मला झोपू देत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीत स्वतःचा ट्रक असलेले पहिले. त्यांच्या वडिलांना गावात कुणी बैलगाडीत बसू देत नसे, गाडीमागे चालत यावं लागे. त्यामुळे नानांनी गाडी घेतली तेव्हा ती नुसती कमाईची वस्तू नव्हती. त्यांनी ती निळी रंगवून घेतली आणि पहिल्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पाळीपाळीने पुढच्या सीटवर बसवून पांझरेच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. पिंपळनेरचा कांदा, भडगावची केळी, जे भाडं मिळेल ते घेत. दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत मात्र सगळ्यात पुढे हीच गाडी. सीटखाली कायम पत्रकांचे गठ्ठे असायचे, सभांचे, मोर्चांचे, शिष्यवृत्तीच्या मागणीचे. कुठल्याही गावाला जाताना नाना ते फुकट पोचवत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर आणि रस्त्याच्या पाट्यांवर. गाडी चालवता चालवता नाना म्हणायचे, "वाच बरं पोरी, काय लिखेल शे?" मी अक्षरं लावून वाचायची. लगेच विचारायचे, "पुढे?" की पुढची पाटी, पुढची भिंत, पुढचं गाव. मी कॉलेजात गेले, छापखान्यात लागले, तरी गाडीत बसले की त्यांचं ते चालूच. पंचविशीतल्या मुलीला बाप अजून पाट्या वाचायला लावतो याचं मला हसू यायचं. मला ते लाड वाटायचे.

मागच्या हिवाळ्यात गाडीचं डावं मडगार्ड चेपलं. "बैलगाडीले घासनं," असं नाना आईला म्हणाले आणि विषय संपला. त्याच सुमारास त्यांनी क्लीनर ठेवणं बंद केलं. एकट्याला बरं वाटतं म्हणे. यातल्या कशाचाच मला संशय आला नाही, कारण मी तेव्हा दुसऱ्याच लढाईत होते. साक्रीजवळच्या एका गावात शाळेच्या भिंतीला भेगा पडल्या होत्या आणि ठेकेदाराने त्यावर चुना फासून इमारत ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. मी पत्रक लिहिलं. "माहीत असून जो गप्प बसतो, तो करणाऱ्याइतकाच दोषी," हे त्यातलं वाक्य मीच लिहिलेलं आणि मला फार आवडलेलं. पत्रक नानांपुढे धरलं तर म्हणाले, "तूच वाच." मी वाचून दाखवलं. "खरं लिखेल शे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीने पत्रकं घेऊन साक्रीला गेले. नाना माल उतरवायला बाजारात गेले आणि मी सीटखालची झाकणाची बादली उचलून निघाले. आमच्या गाडीत लहानपणापासून सीटखाली पत्रकं चिकटवायची खळच असायची, दुसरं काही असेल असं मनातही आलं नाही. कुंचला बुडवला, भिंतभर फासला, चाळीस पत्रकं लावली. दुपारी येऊन बघते तर सगळी पत्रकं खाली पडलेली, भिंतीवर पांढरे चौकोन आणि माझी बोटं सोलवटलेली. बादलीत खळ नव्हतीच. चुना होता. चुन्याविरुद्धची पत्रकं मी चुन्याने चिकटवली होती. नानांना सांगितलं तर खूप हसले. पण बादलीत चुना कशाला, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

उत्तर मला रस्त्याने दिलं. त्याच दुपारी आम्ही पुढे पिंपळनेरकडे निघालो. वळण आलं, कडेचे दगड पांढरेशुभ्र. पुढचं वळण, तिथलाही दगड पांढरा. मधल्या सरळ रस्त्यावरचे दगड मळके. प्रत्येक पांढऱ्या दगडापाशी नानांचे हात स्टिअरिंगवर आधी घट्ट व्हायचे, मग वळायचे. तेवढ्यात ते म्हणाले, "वाच बरं पोरी, बाजूले काय शे?" आणि बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. डाव्या कडेने एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. मी ओरडले, "नाना, बाई शे!" त्यांनी गाडी उजवीकडे ओढली. बाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढे एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, डावीकडचं जास्त. "रस्ता माले पाठ शे," म्हणाले. मी म्हटलं, "रस्ता पाठ शे नाना, पन मानसे पाठ ऱ्हातस का?" ते म्हणाले, "जयंती होऊ दे. मंग इकी टाकसू. गाडीबिगर मी मिरवणुकीमा कसा उभा ऱ्हाऊ?" गाडी जयंतीनंतर विकायची, याला मी हो म्हटलं. ते पत्रक लिहिणारी, ते वाक्य लिहिणारी मी... मी हो म्हटलं.

जयंतीच्या त्या दुपारसारखी दुपार पुन्हा आयुष्यात नको. गाडीवर झेंडे, लेझीम, ढोल, आणि दोन्ही बाजूंनी चाकांना खेटून नाचणारी पोरं. नाना स्टिअरिंगवर नवा सदरा घालून ताठ बसलेले. मी डाव्या मडगार्डवर हात ठेवून पायी निघाले ते शेवटपर्यंत तिथून बाजूला झाले नाही. कुणी पुढे आलं की मी पत्र्यावर थाप मारायची, नाना ब्रेक लावायचे. लेकरांना मी दंडाला धरून मागे खेचत होते, एकाला तर थोबाडीत मारली. पारू अक्का, वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, आईला म्हणाली, "दख, पोरगीले बापनी गाडीना केवढा अभिमान शे!" अभिमान कसला... माझी नजर चाकावरून हटत नव्हती. पत्रा उन्हाने तापलेला, तळव्याला फोड आला, तो मला घरी गेल्यावर दिसला.

त्यानंतर नाना म्हणाले, पुढल्या महिन्यात. मग म्हणाले, पावसाच्या आधी. मी जळगावला परत गेले आणि गप्प बसले. आईला सांगितलं नाही, वस्तीला सांगितलं नाही. सकाळी छापखान्यात पेपर आला की आधी अपघातांच्या बातम्या बघायची, साक्री रस्ता आहे का, ट्रक निळा आहे का. फोन वाजला की हातातलं काम गळून पडायचं. असे महिने गेले आणि श्रावणात तो फोन आला.

दशक्रिया वगैरे आमच्यात नसतंच. जलदान विधी आणि शोकसभा झाली आणि दोन दिवसांत नरडाण्याचे एक भाऊ गाडी बघायला आले. इंजिन ऐकलं, टायर पाहिले, मडगार्डवर हात फिरवून म्हणाले, "हे काय, ठोकून एका तासात सरळ होतं. वरून रंग मारला की कुणाला कळणारसुद्धा नाही." मी तोपर्यंत विकायच्याच बाजूने होते. आई आणि वस्ती मात्र म्हणत होती की दुसरा ड्रायव्हर ठेवू, जयंतीला गाडी पुढे पाहिजे. पण भाऊंचं ते वाक्य ऐकून मी गार झाले. काचबिंदूचं कळल्यापासून बैलगाडीची गोष्ट मला खरी वाटतच नव्हती. ते मडगार्ड कशावर आपटलं? की कुणावर? ते सरळ झालं की मला पुन्हा कधीच कळणार नव्हतं, आणि तेच मला हवं होतं. म्हणून मला विकायची घाई होती. शाळेच्या भिंतीला चुना फासणारा ठेकेदार आणि मी, फरक काय राहिला? भाऊंना आठ दिवस थांबा म्हटलं आणि सकाळच्या एसटीने निघाले.

साक्रीपासून पुढे प्रत्येक पांढऱ्या दगडापाशी उतरून मी जवळच्या घरांत विचारत गेले. मागच्या हिवाळ्यात इथे कुणाला गाडीची धडक बसली का? लोक नाही म्हणत, आणि पुढच्या वळणाची भीती आणखी वाढे. पिंपळनेरच्या अलीकडे एका वळणावर चहाची टपरी आहे. मी नानांचं नाव सांगताच टपरीवाल्या बाबांनी कमरेएवढ्या एका दगडाकडे बोट दाखवलं. "हाई बठ्ठं तुना बापनं काम शे. त्या दगडवरच गाडी आदळनी." मी चावीने चुना खरवडला. एकावर एक थर होते. सगळ्यात खाली निळा रंग निघाला.

मी तिथेच खाली बसले. बाबा बोलत होते. "तीनदा गाडीखाले वाकीसन दखं त्यासनी. मंग माले इचारं, आठे कोनी व्हतं का? मी सांगं, कोनीच नही, नुसता दगड शे. तरी चहासुद्धा पिना नहीत." पुढच्या खेपेला नाना चुना घेऊन आले.

म्हणजे नानाही घाबरलेच होते. रोज, प्रत्येक वळणावर. ती भीती त्यांनी दगडांवर फासली आणि मी मडगार्डला हात लावून मिरवली, पण जिथे बोलायचं तिथे आम्ही दोघंही बोललो नाही. कुणी मेलं नाही, हे आमचं शहाणपण नव्हतं. ती मोळीवाली बाई आज जिवंत आहे ती केवळ मी त्या दिवशी शेजारच्या सीटवर होते म्हणून. बाकीच्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.

घरी येऊन मी आईला आणि वस्तीला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. कुणी म्हणालं, मेलेल्या बापाचं नाव का खराब करतेस? मग पारू अक्का पुढे सरकली. तिचा नातू त्या दिवशी डाव्या चाकाशी नाचत होता, थोबाडीत खाल्ली ती त्यानेच. ती म्हणाली, "पोरी, मारं ते बरं करं. पन तवाच सांगती, ते आमी पायी चालतूत." तेव्हाच सांगितलं असतं तर सगळे गाडीशिवाय पायी चालले असते, याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकत नाही. ज्यांची लेकरं त्या मिरवणुकीत होती, त्या सगळ्यांची मी इथे माफी मागते.

गाडी ठेवायची की विकायची हे मग आईनेच ठरवलं. "त्यासना जीव रोज त्या गाडीमा जाई राहिंता, आनि माले म्हनेत, मजामा शे. इकी टाक." नरडाण्याच्या भाऊंना मी मडगार्ड कसं चेपलं ते सांगितलं. ते म्हणाले, सीटखालचं सामान तेवढं काढून घ्या.

ती बादली आता माझ्याकडे आहे. कुंचल्याच्या दांड्यावर नानांनी पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी गुंडाळलेली आहे, हात सटकू नये म्हणून. पावसाने दगडांवरचा चुना जागोजागी उतरत चालला होता, आणि त्या खुणांवर आता दुसरेही ड्रायव्हर वळतात असं टपरीवाले बाबा म्हणाले. म्हणून गेल्या रविवारी बादली पायाशी ठेवून मी पिंपळनेरच्या एसटीत डाव्या खिडकीशी बसले. आपोआप पाट्या वाचू लागले, ओठांतल्या ओठांत. एक पाटी वाचून झाली की थांबते. "पुढे?" असं कुणी विचारत नाही... मी रस्त्याच्या कडेला बघत राहते.