धावपट्टीखालची जागा

परवा घरासमोरच्या रस्त्यावर डांबर टाकलं, त्या वासानं एक जुना दिवस आठवला. विमानतळाची धावपट्टी वाढवली, तेव्हा आमचं धानाचं शेत त्यात गेलं. बांधावरच्या मोहाखाली माझी पहिली मुलगी पुरलेली होती. ती मेलेलीच जन्मली होती. झाड पाडलं तरी जागा मला ठाऊक होती. मी तिथं जाऊन उभी राहिले. रोलरवाला ओरडला, “मावशी, शेत गेलं ना आता, काऊन उभी होऊन राहिली?” मी म्हणाले, “माही पोरगी हाये खाली.” त्यानं इंजिन बंद केलं. पण तो तरी किती वेळ थांबणार? “चालव,” म्हणाले आणि बाजूला झाले. यंदा नातवानं मला विमानात बसवलं. विमान त्या पट्टीवर धावू लागलं, तेव्हा मी दोन्ही पाय उचलून धरले.